वारा कुठून

हसायचं काय होतं त्यात? बॅडमिंटनचं सोपं फूल होतं, कमरेएवढ्या उंचीवर आलेलं. शाळकरी पोरानं डोळे मिटून पलीकडे टाकलं असतं. ते धाकट्या लेकीनं जाळ्यात घातलं. घातलं तर घातलं, चुकतं माणसाचं. पण गुण गेला की माणूस मान खाली घालतो, रॅकेटच्या तारा बोटांनी सारख्या करतो, निदान कपाळावरचा घाम तरी पुसतो. ही बया मान मागे टाकून, रॅकेट पोटाशी धरून, चारचौघांच्या देखत खदाखदा हसली. पडदेवाल्या बाई गॅलरीच्या दारातच थबकल्या. गुडघे धरत जिना चढून आल्या होत्या, छातीचा भाता झाला होता, आणि वर आल्याआल्या हे दर्शन. समोर कोण, तर दातांचा डॉक्टर. पोट असं, की सर्व्हिस करताना फूल त्यावरच ठेवावं आणि मारावं. त्याच्याकडून देशाची चॅम्पियन हरत होती. याच हॉलच्या भिंतीवर, घड्याळाखाली, तिच्या नावाची पाटी होती आणि त्या पाटीखाली ती डाव्या हातात रॅकेट धरून हरत होती, वर हसत होती. डाव्या हातानं! बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. खाली उतरून कान धरावा असं वाटलं. मग आठवलं, पोरगी आता तिशी ओलांडून बसली आहे, आणि कान धरायला हात उचलला तर कळ आपल्याच खांद्यात येणार.

खांद्याचंच सांगायला तर त्या आल्या होत्या. सकाळी थोरल्या लेकानं दुकानाचं शटर वर केलं न केलं तोच हॉस्पिटलातून फोन आला. खांद्याचे डॉक्टर स्वतः बोलत होते. उद्या सकाळची वेळ रिकामी झाली आहे, उजवा खांदा पुन्हा एकदा उघडू, आत फाटलंय ते पुन्हा शिवू, सगळं नीट झालं तर पुढच्या हंगामात एक शेवटची स्पर्धा खेळता येईल. झालं तर. तुमची मुलगी तयार आहे ना? बाई म्हणाल्या, तयार आहे. मुलीला विचारायचं असतं हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. धाकटीला कधी कोणी काय विचारलं होतं? तिला सांगायचं असतं. सांगितलं की ती करते. तेवढं मात्र खरं, अशी गुणी पोर शोधून सापडायची नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी थोरल्याला बजावलं, की बहिणीसाठी उद्या दुकान बंद. तो कापड उलगडत होता, वर न बघता म्हणाला, "तिला माहीत आहे का?" त्याच्या बापासारखंच, हळूच टोचायचं आणि मग साळसूदपणे कापडाकडे बघायचं. बाईंनी वहाणा पायात सरकवल्या. पण हॉलवर येताना रस्ताभर एक गोष्ट डोक्यात भुणभुणत राहिली, की एकाच शिवणीवर दुसऱ्यांदा सुई चालवली की कापड विरतं. तिसऱ्यांदा तर सुईच्या भोकातूनच फाटत जातं. आणि हा खांदा एकदा शिवून झालेला होता. त्यांनी तो विचार झटकला होता. कापड वेगळं, माणूस वेगळं.

त्या नेहमीच्या जागी बसल्या, गॅलरीच्या पहिल्या रांगेत, खांबाला पाठ लावून. तेव्हा लक्षात आलं, हॉलमध्ये पंखे चालू आहेत. पंखे! आणि एका बाजूचे पडदे सरकवलेले, खिडक्या सताड उघड्या, ऊन कोर्टावर आडवं पडलेलं. हे पडदे त्यांचेच. दाट काळ्या कापडाचे, खाली वजनाला शिशाची दोरी घातलेले. त्या पडद्यांच्या मापाला त्या पहिल्यांदा इथं आल्या, तेव्हा बॅडमिंटन कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं. हॉलचे मॅनेजर म्हणाले, उजेडाची तिरीप आणि वाऱ्याची झुळूक, दोन्ही आत यायला नकोत. फूल हलकं असतं, पिसांचं, श्वासानंसुद्धा भरकटतं. हॉलवर सगळे शटलला फूलच म्हणत. बाई शिडीवर, नवरा खाली आकडे लिहून घ्यायला आणि टेपचं दुसरं टोक धरायला धाकटी. तेव्हा ती एवढीशी होती, फ्रॉकची शिवण उसवलेली. खिडकी अर्धी मापून होते तोच टेप सैल पडली. बाईंनी वरून पाहिलं तर टोक जमिनीवर आणि पोरगी कोर्टाच्या कडेला, तोंड उघडं, वर जाणाऱ्या फुलाकडे डोळे. वर गेलेलं फूल क्षणभर थांबतं ना, उतरायच्या आधी, तिथं तिचा जीव अडकलेला. "टेप धर, कार्टे," बाई ओरडल्या. नवरा म्हणाला, "राहू दे गं. माप मी घेतो. तिचं तिला बघू दे." तिचं तिला. पुढे आयुष्यभर बाईंनी नेमकं तेवढंच होऊ दिलं नाही.

पडद्यांच्या पैशाच्या बदल्यात पोरीला शिकवा, हा सौदा बाईंनीच ठरवला, आणि त्या दिवसापासून घराला वेगळी शिस्त लागली. घरात पंखा बंद. धाकटी भिंतीवर फूल मारत असे, म्हणून खिडक्याही बंद. उन्हाळ्यात थोरला उघडाबंब होऊन जमिनीवर लोळायचा, नवरा ओला रुमाल डोक्यावर ठेवून कापड बेतायचा आणि म्हणायचा, "आपल्या घरात माणसं शिजतात, बाकी काही शिजत नाही." धाकटी हसायची आणि फूल चुकायचं. मग बाईंनी हसण्यावरही बंदी घातली. हसलं की हात ढिला पडतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, कुणी शिकवावं लागलं नव्हतं. नवऱ्याला तर त्यांनी हॉलवरही यायची बंदी केली. कारण तो समोरच्या पोरीनं चांगला फटका मारला तरी टाळी वाजवायचा. "अगं, चांगला होता तो!" "कुणाची पोर खेळतेय?" "आपली." "मग टाळी कुणाला?" "फटक्याला." असल्या माणसाला काय म्हणायचं? तो दुकानात बसू लागला. पोरगी जिंकून आली की विचारायचा, "मजा आली का?" आणि धाकटी आधी आईच्या तोंडाकडे बघायची, मग म्हणायची, "जिंकले, बाबा." तो मान डोलवायचा आणि पुन्हा कात्री उचलायचा. त्यानं काहीतरी वेगळं विचारलं होतं, हे बाईंना तेव्हाही कळलं होतं. कळून सवरून त्या पुढच्या सामन्याचं बोलू लागायच्या.

खाली पुन्हा हशा झाला. फूल पंख्याच्या झोताखाली सापडून भलतीकडेच गेलं होतं आणि धाकटीच्या जोडीदार बाई, कुठल्याशा बँकेत काम करणाऱ्या, रॅकेट छत्रीसारखी डोक्यावर धरून उभ्या होत्या. दातांच्या डॉक्टरचं लक्ष वर गेलं. "आजी, या की खाली! चॅम्पियनला हरवतोय, कुणी साक्षीदार पाहिजे. घरी बायको विश्वास ठेवणार नाही."

"तिचा उजवा हात चालता असता ना," बाई वरूनच म्हणाल्या, "तर आज स्वतःचेच दात वेचत बसला असता."

सगळा हॉल हसला. डॉक्टर सगळ्यांत जास्त. धाकटीनं वर पाहिलं, हात हलवला, आणि लगेच पाठ फिरवून सर्व्हिसला उभी राहिली. बाईंना काहीतरी खटकलं. काय ते कळेना. वहाणेत खडा गेल्यासारखं नुसतं टोचत राहिलं. फूल वर गेलं, आलं, गेलं. धाकटी डाव्या हातानं ओबडधोबड खेळत होती, पाऊल चुकत होतं, पण तिनं पुन्हा एकदाही वर पाहिलं नाही. हां. हे ते. ती वर बघत नव्हती.

तिचं वर बघणं बाईंनीच तिच्या अंगात भिनवलं होतं. पडदेवालीला वाऱ्याचं शिक्षण कुणी द्यावं लागत नाही. पडद्याच्या खालच्या दुमडीकडे पाहिलं की हवा कुठून कुठे चाललीय ते कळतं, दारं कितीही लावा. एका सामन्यात धाकटी मागे आलेली उंच फुलं घेत सुटली होती आणि बाईंना वरून दिसत होतं, की वारा समोरून आहे, ती फुलं आपसूक रेषेबाहेर पडतील, सोडून द्यावीत. त्या रात्री जेवताना त्यांनी खूण ठरवली. बाईंच्या गळ्यात कायम मापाची टेप असे. टेप गळ्यात असली तर वारा समोरून, लांबचं सोड. टेप मांडीवर असली तर वारा पाठीमागून, सगळं घे. इतकं सोपं. शिकवणारे मास्तर कुरकुरले होते. "बाई, वारा तिला तिच्या कातडीनं ओळखू दे. कातडी विसरली तर पुढे पंचाईत होईल." बाई म्हणाल्या, "ओळखेल तेव्हा ओळखेल. तोवर मी आहे." आणि धाकटी जिंकत सुटली. शहर, राज्य, देश. पेपरवाले लिहायचे, की हिला फूल कुठे पडणार ते आधीच दिसतं. बाई ते थोरल्याकडून वाचून घ्यायच्या आणि गालात हसायच्या. प्रत्येक गुणाआधी पोरीची मान किंचित वर व्हायची, डोळे गॅलरीत यायचे आणि परत जायचे. लोकांना वाटे देवाचं नाव घेते. नवऱ्यानं एकदा टीव्हीवर पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "ती तुला विचारतेय." "मग?" "काही नाही. खेळ तिचा आहे, म्हणून म्हटलं."

आणि मग ती परदेशातली स्पर्धा. जगातली सगळ्यांत मोठी. तो हॉल म्हणजे हॉल नव्हता, विमानं ठेवायची जागा असावी तसा. पडदा नावाला नाही. बाईंची नजर भिरभिरली, दुमड कुठे आहे, कापड कुठे आहे. शेवटी कोर्टामागे छतापासून सोडलेलं एक प्रचंड कापडी चित्र दिसलं, स्पर्धेच्या नावाचं, आणि त्याची खालची कड हलकेच फुगत होती, कोर्टाच्या आत, धाकटीच्या विरुद्ध बाजूनं. वारा समोरून. बाईंनी टेप गळ्यात घातली. उपान्त्य सामन्याचा तिसरा गेम, समोरच्या पोरीला जिंकायला एक गुण हवा, धाकटीलाही बरोबरीला एकच. समोरून फूल आलं ते उंच, दिव्यांच्याही वर. धाकटी झरझर मागे गेली, त्याच्याखाली जाऊन उभी राहिली, उजवा हात ताणलेला, सगळं अंग धनुष्य झालेलं. असा फटका बसला असता की समोरच्या पोरीला हलता आलं नसतं. आणि त्या टोकाला तिनं वर पाहिलं. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. टेप गळ्यात होती. तिचा हात खाली आला. फूल आपल्या सावकाश गतीनं उतरलं आणि रेषेच्या आत, तिच्या बुटाशेजारी, निवांत पडलं. बाईंना तो आवाज आजही ऐकू येतो. इतक्या मोठ्या हॉलमध्ये, इतकी माणसं ओरडत असताना, पिसांच्या एका फुलाचा आवाज कसा ऐकू येईल? पण येतो.

माणसं पांगल्यावर बाई त्या कापडाशी गेल्या होत्या. कशाला, तर सवय. एवढ्या मोठ्या कापडाची दुमड शिवतात कशी ते बघायला. कड उचलून आत हात घातला तर बोटं गारठली. मागे जमिनीलगत थंड हवेच्या यंत्राची जाळी होती, ती कापडाला फुगवत होती. तेवढ्याच कापडाला. कोर्टावरचा वारा उलटा होता. बाई कड हातात धरून किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. खोलीवर गेल्या तेव्हा धाकटी बूट न काढता पलंगावर बसली होती. ती एकच वाक्य बोलली. "मानेला गार लागत होतं, आई." पाठीमागून. म्हणजे तिच्या कातडीला ठाऊक होतं. ठाऊक असून तिनं आईला विचारलं, आणि आईनं सांगितलं ते केलं. त्यावर बाई काय म्हणाल्या? "पाय जड पडले तुझे. दुसऱ्या गेमपासूनच पडत होते." पोरीनं मान हलवली आणि बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या. एवढंच. रडारड नाही, उलट उत्तर नाही. त्यानंतर तिनं लांबचं फूल कधी सोडलंच नाही. आत पडणारं, बाहेर पडणारं, सगळं मागे जाऊन, वाकून, ताकदीनं मारत राहिली, टेप कुठेही असो. देशात जिंकत राहिली, बाहेर मात्र पुन्हा त्या पायरीपर्यंत पोचली नाही, आणि वर्षागणिक खांदा आतून झिजत गेला. डॉक्टर म्हणाले, अति वापर. बाईंना वाटलं, हो, अति वापर. पण कुणी वापरलं ते डॉक्टरांना कुठे माहीत होतं?

परवा संध्याकाळी धाकटी दुकानात कापडाच्या ठाणावर बसून पाय हलवत होती. लहानपणी बसायची तशी. म्हणाली, "आई, डाव्या हातानं खेळलं तर चालेल का गं?" बाई चुण्या मोजत होत्या. म्हणाल्या, "डाव्या हातानं काय पदकं मिळतात का?" "नाही." "मग?" "मग काही नाही." नवरा असता तर त्यानं कात्री खाली ठेवली असती आणि विचारलं असतं, पुढे बोल. तो जाऊन बरीच वर्षं झाली. जाताना धाकटीचा हात धरून काहीतरी पुटपुटला आणि दोघं हसली होती, मरणाच्या खोलीत, निर्लज्जासारखी. ते काय होतं ते बाईंना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. मानीपणा काय कामाचा असतो, पण असतो.

खाली आता शेवटचे गुण चालले होते. डॉक्टरनं जोर लावून फूल उंच उडवलं. ते वर चढलं, उन्हाच्या पट्ट्यात पांढरं लखलखलं, पंख्याच्या झोतात डगमगलं. धाकटी दोन पावलं मागे गेली. बाईंचा हात आपोआप गळ्याकडे गेला आणि मधेच थांबला. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. पंखे चहूकडून, खिडक्या उघड्या, वारा कुठून आहे हे सांगणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. धाकटीनं मान जराशी कलती केली, जनावर कान टवकारतं तशी, आणि रॅकेट खाली घेतली. डोळे फुलावरही नव्हते, गॅलरीतही नव्हते, कुठेच नव्हते. फूल तिच्या मागे, रेषेच्या बाहेर, बोटभर अंतरावर पडलं. "बाहेर!" ती ओरडली आणि त्या बँकवाल्या बाईंच्या गळ्यात पडून हसली. मान मागे, तोंड सताड उघडं, शेवटी एक बारीक उचकी. बाई खांबापासून पुढे सरकल्या. ते हसणं तिचं नव्हतंच. हसण्याच्या शेवटी उचकी लागणारा माणूस त्यांच्या संसारात एकच होता, आणि त्याला त्यांनीच या हॉलच्या दाराबाहेर बसवलं होतं. इतकी वर्षं पोरीनं ते कुठे दडवून ठेवलं होतं? कुठल्या दुमडीत? बाईंना रागही येईना आणि रडूही येईना.

धाकटी वर आली ती घामानं निथळत, टॉवेल डोक्यावर. "कधी आलीस? हाक नाही मारायची?"

"हाक मारून काय करू? तुझं तोंड हसण्यात गुंतलं होतं."

"पाहिलंस ना शेवटचं? डॉक्टरांना वाटलं आत आहे, मी म्हटलं छे—"

"पाहिलं. मोजे कुठल्या जन्मी धुतलेत ते?"

"आजच धुतलेत, आई. हॉलची जमीन अशी आहे." ती शेजारी बसली. उजवा हात मांडीवर तसाच ठेवलेला, कुणीतरी विसरून गेलेल्या सामानासारखा. मग तिचा आवाज बदलला. सामन्याआधी व्हायचा तसा सपाट झाला. "हॉस्पिटलातून काही कळलं?"

"सकाळी फोन आला. उद्याची वेळ आहे म्हणतात."

"बरं."

"बरं काय?"

"बरं म्हणजे जाऊ. तू हो म्हणाली असशीलच." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बाईंनी परतवला असता, ती विद्या त्यांच्याकडे भरपूर होती. धाकटी खाली कोर्टाकडे बघत होती. तिथं दातांचा डॉक्टर जमिनीवर पसरून पाय झाडत होता आणि बँकवाल्या बाई त्याला वारा घालत होत्या. "रात्रीपासून उपाशी राहायचं असेल ना? घरी जाऊन बॅग भरते."

"तुला काय वाटतं?" बाई म्हणाल्या.

दोघीही दचकल्या. धाकटीनं टॉवेल खाली घेतला. "कशाबद्दल?"

"खांद्याबद्दल. आणखी कशाबद्दल? खांदा कुणाचा आहे?"

"मला..." ती थांबली. रेषेवर पाय ठेवावा की नाही असं झालं तिचं. "मला वाटून काय? तू काय म्हणतेस ते सांग ना. तू म्हणशील तर मी करते."

पिशवीत फोन वाजायला लागला. हॉस्पिटलातून असणार, पक्कं करायला दुपारी फोन येईल असं खांद्याचे डॉक्टर सकाळी म्हणाले होते. बाईंनी फोन बाहेर काढला. घेतला नाही, तसाच वाजता ठेवून लेकीपुढे धरला. धाकटी त्याच्याकडे बघेना. ती आईचा चेहरा वाचत होती, भुवई कुठे हलते, ओठ कुठे आवळतात. असे डोळे लावून, की बाईंना वाटलं आपण तोंडावर फडकं टाकावं. आयुष्यभर त्यांनी लोकांना तोंडावर सुनावलं होतं, व्यापाऱ्यांना, मास्तरांना, नवऱ्याला, पंचांनासुद्धा. तोंड कोरं ठेवायचं काम त्यांना कधी पडलंच नव्हतं.

"आई, बंद होईल तो. काय सांगू त्यांना?"

"माझ्या थोबाडाकडे बघू नकोस, तिथं काही लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या, आणि आवाज जरा चिरकला तसा त्यांनी तो चढवला, खालच्या माणसांनीही माना वर केल्या. "घे. तुला काय सांगायचं ते तूच सांग. नाही म्हण, हो म्हण, हसून सांग पाहिजे तर. एवढी खेळलीस, एवढ्या जणींना पाणी पाजलंस, तुझ्या खेळात खोड काढायला कुणाला जागा नाही. अख्ख्या जन्मात तुझी चूक एकच झाली, कार्टे. तू माझं ऐकलंस."